दोन स्टार देणाऱ्या दादांना सलूनमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एका दाढीला अर्धा तास गेला आणि त्यातला निम्मा नुसता साबण फिरवण्यात, असं तुम्ही लिहिलंय. फोम मागितला तर मिळाला नाही. मानेवर उलटा हात, म्हणजे केसाच्या उलट दिशेने वस्तरा, मारायला सांगितलं तर कारागिराने ऐकलं नाही. मग घरी जाऊन स्वतःच्या रेझरने मान साफ केली, तसेच फवारणीला गेलात आणि रात्रभर मानेची आग आग झाली. ६० रुपये पाण्यात गेले, असंही म्हणालात.

तुम्हाला त्रास झाला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आधी मानेचं बोलतो, दुकानाचं मागून.

मान अजून लाल असेल तर चार-पाच दिवस तिथे वस्तरा, रेझर, मशीन काहीच लावू नका. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दिवसातून दोन-तीनदा ठेवा. सोलवटलेल्या कातडीवर तुरटी आणि आफ्टरशेव्ह नको, दोन्हींनी आग वाढते. मेडिकलमधून विचारून-पुसून खाजेची ट्यूब आणण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावू नका. पुळ्यांत पू धरला तर सरळ डॉक्टरांना दाखवा.

आता फवारणीचं. तुमच्या रिव्ह्यूमधली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच. ताजी दाढी केलेली कातडी वरून गुळगुळीत दिसते, पण पात्याने तिचा वरचा थर खरवडलेला असतो, बारीक चिरा पडलेल्या असतात. कापूस छातीएवढा झालेला, पाठीवर पंप, वाऱ्याने औषध अंगावर येतं आणि घामाबरोबर कॉलरच्या आत मानेवरच साचतं. ही औषधं धडधाकट कातडीतूनसुद्धा अंगात शिरतात, खरवडलेल्या कातडीतून तर आणखी सहज. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून माझं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणं आहे, फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करू नका. संध्याकाळी येऊन, साबण लावून आंघोळ करून मग या. आणि फवारणीनंतर गरगरलं, मळमळलं, नजर धूसर झाली तर घरी पडून राहू नका, अंगावरचे कपडे बदलून, अंग धुऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

साबणाला एवढा वेळ का, तेही सांगतो. दाढीचा कोरडा केस फार कडक असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की तो पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. मग पात्याला जोर कमी लागतो, आणि जोर कमी लागला की कातडी कमी सोलली जाते. फेसाचं काम हे पाणी केसावर धरून ठेवायचं आणि पातं सरकतं ठेवायचं. तुमच्या तोंडाला आधी ओला टॉवेल लावला आणि मग ब्रश फिरवला, तो सगळा वेळ दाढीतच धरायचा. वस्तऱ्याचं काम त्याच्यापुढे थोडंच असतं.

त्यातही आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो ना, तेच क्षार साबणाला धरतात आणि फेसाऐवजी चिकटा तयार होतो. वरून पांढरं दिसतं, पण दोन मिनिटांत सुकून पापुद्रा होतो आणि पातं अडखळतं. म्हणून आम्ही फेसासाठी आरओचा कॅन वेगळा ठेवतो. घरी कॅन नसेल तर पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ पाणी घ्या, थोडा फरक पडतो. पावसाचं धरलेलं पाणी तर उत्तमच.

फेस काढताना ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकायचा, निथळता ठेवायचा नाही. दाढीच्याच साबणावर अर्धा मिनिट फिरवायचा. आंघोळीच्या साबणाचा फेस लवकर बसतो, तो नको. ब्रशवर दाट लेप चढला की वाटीत किंवा थेट गालावर गोल गोल फिरवायचा आणि पाणी थेंब-थेंब द्यायचं, एकदम ओतायचं नाही. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, पुन्हा साबण घ्या. लेप खडूसारखा कोरडा वाटला तर अजून दोन थेंब. फेस दह्याच्या सायीसारखा चकाकायला लागला आणि दोन बोटांत चोळल्यावर बोटं सरसर सरकली की झाला. सगळ्यात शेवटी मिशी आणि हनुवटीवर पुन्हा एक थर द्या, तिथला केस सगळ्यात राठ.

डब्यातला फोम वाईट नाही, घाईच्या माणसाला चालतो. पण तो हाताने वरून लागतो. ब्रश केसाच्या मुळाशी जातो, केस उभा करतो आणि मेलेली कातडी काढतो. माझ्या दुकानात ब्रशच राहील, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर धुतलेला, आणि ब्लेडही तुमच्यासमोरच नवं लागेल.

उलट्या हाताबद्दल मी माझ्या कारागिराच्या बाजूने आहे. गालावर केस खाली उतरतो, पण मानेवर तो एका दिशेने नसतो. कंठाच्या बाजूला आडवा जातो, कुठे भोवरा घेतो, जबड्याखाली कुणाकुणाचा वर चढतो. तुमची मान कारागिराने बोटांनी चाचपून पाहिली ती त्यासाठीच. तिथे उलटा हात मारला तर केस कातडीच्या आत तुटतो, वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो आणि केसतोड होते. कुरळ्या केसाच्या माणसाला तर हमखास. तीन-चार पात्यांच्या रेझरने हे जास्त होतं, कारण पहिलं पातं केस ओढतं आणि मागचं तो खोलवर कापतं. तुम्ही घरी तेच रेझर नुकत्याच झालेल्या दाढीवर चालवलं. फेस न लावता चालवलं असेल तर आग होणारच होती. मानेवर हात फिरवल्यावर थोडं खरखरीत लागलं तरी चालू द्या, सायंकाळपर्यंत कुणाला दिसतही नाही.

घाई असली तर आल्याबरोबर सांगा, मशीनने बारीक करून देतो, पाच मिनिटांत मोकळे. पण वस्तऱ्याची दाढी मी घाईत करून देणार नाही, आणि माझा कारागीरही नाही.

मान बरी झाली की संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा गर्दी नसते. तुमचं रेझर आणि घरच्या पाण्याची एक बाटली सोबत आणा. तुमच्याच पाण्यावर फेस काढून दाखवतो आणि तुमच्या मानेवरचा केस कुठून कुठे जातो ते आरशात दाखवतो, म्हणजे घरी करताना अडचण येणार नाही. त्याचे पैसे नाहीत.