मालकाचं उत्तर: २५ मिनिटं नाही दादा, ५० मिनिटं

नमस्कार दादा, मुलाच्या सोमवारच्या बेसबॉल पिचिंगच्या (बॉल टाकण्याच्या) लेसनबद्दलचा तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू काल रात्री केजचे (आमच्या जाळीतल्या सरावाच्या जागेचे) लाईट बंद करताना वाचला. बायकोनेही वाचला, मग दोघांनाही झोप नाही. आधी माफी मागतो. लॉबीत एक मोठा मुलगा बॅट फिरवत होता आणि तुमची धाकटी त्याच्या मागून पळत गेली, लागता लागता वाचली, ही चूक आमचीच, त्यात बोलायला जागाच नाही. लिटल लीग (मुलांच्या बेसबॉलची संघटना) लहान गटांच्या मॅचमध्ये ऑन-डेक, म्हणजे पुढच्या पाळीची वाट बघत, उभं राहून बॅट फिरवूच देत नाही ते याचसाठी, आणि माझ्याच दारात हे झालं. सॉरी.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की "तासाचे ८० डॉलर घेतले आणि २५ मिनिटांत पोराला बाजूला बसवलं, निव्वळ लूट", हे मला फार लागलं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काल दोनदा बघितलं. स्लॉट ६ ते ७ चा होता, तुम्ही आत आलात ६ वाजून १० मिनिटांनी (रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून तुम्हीच फोन केला होता, बायकोने घेतला). ६:३५ ला कोचने तुमच्या मुलाचं बॉल टाकणं थांबवलं, लेसन थांबवला नाही. पाणी प्यायला पाच मिनिटं बेंचवर बसला असेल, डोळ्यात पाणी होतं हेही खरं, पण त्यानंतर ७ वाजेपर्यंत कोचने त्याच्याकडून माउंडवरचं (बॉल टाकायच्या उंचवट्यावरचं) फुटवर्क, बंट (बॅटने हळूच टेकवलेला बॉल) उचलणं, फर्स्ट बेस कव्हर करायला पळणं हे सगळं करून घेतलं, फक्त हात वर करून फेकायचं नाही एवढंच. म्हणजे ५० मिनिटं झाली. उरलेली १० मिनिटं ट्रॅफिकने खाल्ली, आम्ही नाही.

आणि थांबवलं का, ते तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंच नाही. बुकिंग करताना बायकोने विचारलं होतं, वीकेंडला किती पिच (बॉल) टाकलेत, तुम्ही म्हणालात "थोडेच". सोमवारी तो दर पाच-सहा पिचनंतर उजवा हात खाली सोडून झटकत होता आणि डाव्या अंगठ्याने कोपराची आतली बाजू दाबत होता. कोचने विचारलं तर बिचाऱ्याने खरं सांगितलं, शनिवारी लीगच्या मॅचमध्ये ६८ पिच, आणि रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी (लीगबाहेरची, गावोगावी खेळणारी दुसरी टीम) अजून दोन इनिंग. दादा, ११ वर्षांच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस पूर्ण विश्रांती, लिटल लीगचा नियमच आहे. म्हणजे शनिवारनंतर थेट गुरुवार. तुम्ही काउंटरवर म्हणालात की तो नियम मॅचसाठी आहे, लेसनसाठी नाही, तर कागदावर ते बरोबर आहे, पण त्याच्या कोपराला कुठे कळतं हा लेसन आहे म्हणून. लीगवाल्यांच्या वहीत रविवारच्या इनिंग नाहीत आणि ट्रॅव्हलवाल्यांच्या वहीत शनिवारचे ६८ नाहीत, मग दोन्हीची बेरीज कोण करणार? आईवडील नाहीतर आमच्यासारखे. या वयात कोपराच्या आत हाडाच्या टोकाला अजून कूर्चा असते, प्रत्येक पिचला ती ओढली जाते, आणि दुखतंय म्हणत असताना टाकत राहिलं की तिथेच बिघडतं. इथले लोक त्याला लिटल लीग एल्बो म्हणतात. एकदा झालं की कधीकधी पूर्ण सीझन घरी.

मी सांगलीला शाळेत सॉफ्टबॉल खेळलो, तेव्हा आमचे पिच कोणी मोजले नाहीत. इथे एडिसनमध्ये हे सुरू केलं तेव्हा ठरवलं होतं की आपल्याकडे मोजायचं. ८० डॉलरसाठी मी अजून ३० पिच टाकू दिले असते तर तुम्ही खुश होऊन ५ स्टार दिले असते, हे मला कळतं. भाडं मलाही भरायचंय, आणि एप्रिलमध्ये असा रिव्ह्यू वर दिसला की फोन येणं थांबतं. तरी नसते टाकू दिले.

एक अजून, तुम्ही कोचवर सगळ्या मुलांसमोर ओरडलात. तो कॉलेजचा पोरगा आहे, मान खाली घालून ऐकत राहिला, नंतर मला विचारत होता माझं काही चुकलं का. त्याचं चुकलं नाही. माझं एवढं चुकलं की मी तेव्हा पुढच्या बुकिंगच्या गडबडीत होतो, तुम्हाला बाजूला घेऊन नीट सांगायला हवं होतं.

लॉबीत बॅट बॅगेतच राहील असा बोर्ड लावतोय, बाकी पण बघतोय काय काय करता येईल. बुकिंगच्या वेळी मागच्या आठवड्याचे पिच लिहून घेणार, दोन्ही टीमचे.

उद्या गुरुवार आहे, पण रविवारचे किती होते ते कोणीच मोजलेलं नाही, म्हणून घाई नको. कोपर अजून दुखत असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना दाखवा. ते ठीक म्हणाले की घेऊन या, अर्धा तास माझ्याकडून, मी स्वतः घेतो. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, बॅटचं लिहिलंय ते राहू द्या, पण ते "२५ मिनिटं" आणि "लूट" एवढं तरी दुरुस्त करा दादा.