मशीन खडखडली म्हणून भंगारात घालू नका

सध्या गावागावांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘वॉशिंग मशीनमधून आवाज आला म्हणजे बेअरिंग गेलं. मशीन हादरत असेल तर ड्रम वाकला. नुसती घूं घूं करत असेल तर मोटर जळली. तात्पुरता उपाय म्हणून तळातून तेल सोडा. खाऱ्या पाण्याच्या भागात मशीन टिकतच नाही, म्हणून पाच वर्षं झाली की दुरुस्तीत पैसा न घालता ती विका आणि नवी घ्या.’

मी यवतमाळ जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. मुख्य काम शेतपंपांचं, पण घरच्या मशीनही येतात, आणि हल्ली लोक हा मेसेज पुढे करूनच बोलायला सुरुवात करतात. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं चुकीचं आहे आणि त्याचा भुर्दंड घरातल्या बायांवर पडतो. कापसाच्या चुकाऱ्यातून घेतलेली मशीन एकदा गेली की दुसरी यायला किती हंगाम जातात, हे आपल्या घरांत सांगावं लागत नाही. तोवर वाकळा, सतरंज्या आणि वावरातून आलेले चिखलाचे कपडे पुन्हा दगडावर येतात.

‘आवाज आला म्हणजे बेअरिंग गेलं.’

लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे शहरातली फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेली, मशीन आहे. आपल्याकडे नळ रोज येईलच असं नाही, टाकी उंचावर नसते, पाणी बादलीनं ओतावं लागतं. म्हणून गावात बहुतेक घरी दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक दिसते. तिच्यात धुण्याची मोटर वेगळी आणि पिळण्याची वेगळी असते. तेव्हा पहिला प्रश्न एवढाच: आवाज धुताना येतो की पिळताना? हे कळलं की निम्मी मशीन संशयातून सुटते. दुसरा प्रश्न: मशीन रिकामी चालवली तरी येतो का? रिकामी शांत चालते आणि कपडे टाकले की बोलते, तर दोष बहुतेक कपडे भरण्यात, पट्ट्यात किंवा मशीन बसवण्यात असतो. रिकामी असूनही खरखरते, तर आत काहीतरी अडकलंय किंवा झिजलंय.

धुताना खरखर किंवा टकटक येत असेल तर तळाची फिरती चकती, म्हणजे पल्सेटर, उघडून बघायची. आमच्याच तालुक्यात एका काकूंकडे मशीन ‘बेअरिंग गेलेली’ म्हणून ओसरीत बाजूला काढून ठेवली होती. प्लग काढला, चकतीच्या मधला स्क्रू सोडला. तो गंजून बसला होता, त्याला वेळ लागला. चकती उचलली तर खाली खर्ऱ्याची चुरगळलेली पन्नी, एक सेफ्टी पिन, फुगलेले सोयाबीनचे दाणे आणि रुपयाचं नाणं. नाण्याची कड घासून चकाकत होती आणि टबाच्या प्लास्टिकवर त्यानं गोल चरा पाडला होता. सगळं काढून, धुऊन, चकती पुन्हा घट्ट बसवली. आवाज गेला. ‘भाऊ, यायनं तं भंगारवाल्याले बोलावलं होतं,’ काकू म्हणाल्या. त्या मशीनला एकही नवा पार्ट लागला नाही. सोयाबीन आणि तुरीच्या दिवसांत खिसे झाडल्याशिवाय कपडे टाकू नका, आणि खर्रा खाणाऱ्यांनी पन्नी खिशात ठेवू नये, हे मी प्रत्येक घरी सांगतो.

धुणं सुरू होताना किंचाळल्यागत आवाज आणि रबर जळाल्याचा वास आला तर तो पट्टा. सैल झालेला किंवा झिजून गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवर घसरतो. पट्ट्यावर नंबर छापलेला असतो, त्याच नंबरचा आणायचा.

पिळताना घासल्याचा आवाज येतो आणि टब नेहमीचा वेग घेत नाही, तेव्हा ब्रेक बघा. पिळण्याच्या टबाचं झाकण बंद केलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तार सैल पडते आणि ब्रेक लागतो. हीच तार ताणून लांबली, तर झाकण बंद असूनही ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि टब घासत फिरतो. असंच चालवत राहिलं तर मात्र मोटर खरोखर जळते. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे टब आणि बाहेरच्या भिंतीच्या फटीत पडलेला रुमाल किंवा मोजा. कपड्यांवर दाबून ठेवायची प्लास्टिकची जाळीदार चकती मशीनबरोबर येते. ती बहुतेक घरांत कुठेतरी पडलेली असते. ती वापरली तर वरचे कपडे उडून फटीत जात नाहीत.

बेअरिंग जातच नाही असं मी म्हणत नाही. पण त्याची ओळख आहे. फ्रंट लोडमध्ये बेअरिंग गेलं की पिठाच्या चक्कीसारखी घरघर येते आणि पिळण्याचा वेग वाढेल तशी ती चढत जाते. प्लग काढून रिकामा ड्रम हातानं फिरवा, आतली कड धरून वरखाली हलवा. ड्रम रबरी कडेसकट, सगळा मिळून हलत असेल तर ते स्प्रिंगवरचं साहजिक हलणं आहे. आतला ड्रम एकटाच खटखट हलतो, हाताला खरखर लागते, मागच्या बाजूला गंजाच्या रंगाचा ओघळ दिसतो, तेव्हा बेअरिंग आणि त्याच्या पुढचं सील दोन्ही गेलेत. सील बदलल्याशिवाय नुसतं बेअरिंग घातलं तर पाणी पुन्हा आत शिरतं आणि नवंही जातं. ‘बदललं तरी टिकत नाही’ हा समज बहुधा इथूनच आला असावा.

‘हादरते म्हणजे ड्रम वाकला.’

ड्रम वाकणं फार क्वचित. मशीन हादरण्याचं आपल्याकडचं पहिलं कारण पायाखालची जमीन आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तिच्यावर नुसती फरशी टाकलेली असेल तर फरशीही हलते. मे महिन्यात चारही पायांवर बसलेली मशीन श्रावणात तिनांवर उभी असते. कोपऱ्यांवर आळीपाळीनं हात दाबा. डुगडुगली तर पाय फिरवून उंची जुळवा आणि त्याचा नट आवळा. ज्या मशीनला फिरणारे पाय नाहीत तिच्या खाली टणक, सपाट तुकडा द्या. वर पाण्यानं काठोकाठ भरलेली ताटली ठेवली की कोणत्या बाजूला उतार आहे ते लगेच दिसतं. फोम, थर्माकोल, जुनी गादी असलं काही खाली घालू नका. मऊ वस्तूवर मशीन आणखी डोलते.

दुसरं कारण भरण्याचं. एकटी वाकळ किंवा जाड चादर पिळायला टाकली की ती भिजून एका बाजूला गोळा होते. सेमी ऑटोमॅटिकचा पिळण्याचा टब मिनिटाला 1300 च्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात एका बाजूचं वजन भिंतीवर आदळणारच. वाकळ मशीनमध्ये पिळू नका, तारेवर निथळू द्या. बाकीचे कपडे टबात कडेनं सारखे पसरून दाबा.

फ्रंट लोड नवी असूनच नाचत असेल तर मागे बघा. वाहतुकीत ड्रम आपटू नये म्हणून कारखान्यातून मागच्या बाजूला लांब बोल्ट लावून येतात. शहरातून पिकअपमध्ये टाकून आणली, बसवायला कोणी आलं नाही, घरच्यांनीच पाइप जोडून चालू केली, की हे बोल्ट तसेच राहतात. ते काढून जपून ठेवा, घर बदलताना पुन्हा लागतात.

‘घूं घूं करते, फिरत नाही, म्हणजे मोटर जळली.’

हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ज्या मोटरला घूं घूं आहे तिच्यात अजून जीव आहे. पूर्ण जळालेली मोटर बहुतेक गप्प असते, नाहीतर फ्यूज उडवते.

आधी व्होल्टेज. एप्रिल-मेमध्ये दुपारी घराघरांत कूलर चालू असतात तेव्हा गावाच्या टोकाच्या घरांत दिवा पिवळा पडतो. घरात 230 च्या जागी 180 व्होल्ट आले तर मोटरचा सुरू होण्याचा जोर 60 टक्क्यांच्या आसपासच उरतो, कारण हा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. भरलेला टब तेवढ्यावर हलत नाही. तीच मशीन पहाटे लावून बघा. पहाटे सुरळीत चालली तर तिच्यात दोष नाही. दुपारी घूं घूं आली की मात्र लगेच बंद करा. अडकलेल्या मोटरमधून जास्त करंट वाहतो, आणि तसंच सोडून बाई अंगणात गेली तर वाइंडिंग खरंच जळतं.

व्होल्टेज बरं आहे, प्लग काढून हातानं चकती मोकळी फिरते, तरी चालू केल्यावर नुसती घूं घूं येते, तर कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू होताना जोर देणारा डबीसारखा पार्ट, बदलायचा. मोटरच्या मानानं तो अगदी स्वस्त पार्ट आहे आणि तालुक्याला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्ट बघूनच नवा घ्या. काही जण पंख्याचा कंडेन्सर काढून लावतात. तो साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. धुण्याच्या मोटरला त्याच्या कितीतरी पट मोठा लागतो, त्यामुळे पंख्याच्यानं मोटर उठत नाही आणि लोक समजतात मोटर गेली. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ वीज साठून राहते, म्हणून त्याच्या तारांना उघडा हात लावायचा नाही. हे काम येत नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण सांगायला हवी. सेमी ऑटोमॅटिकचा तळ पुष्कळदा उघडाच असतो. धान्य असलेल्या घरात उंदीर तिथून शिरतात आणि तारा कुरतडतात. मशीन कधी चालते, कधी नुसती गुणगुणते, तर तारा आधी बघा. तळाला बारीक लोखंडी जाळी बांधली की हा त्रास थांबतो.

‘तळातून तेल सोडा.’

अजिबात सोडू नका. गोडेतेल नको, ट्रॅक्टरचं काढलेलं ऑइल तर मुळीच नको. खालून सोडलेलं तेल पट्ट्यावर, ब्रेकवर आणि मोटरवर पडतं. तेलकट पट्टा घसरतो, तेलकट ब्रेक टब थांबवत नाही. बायका झाकण उघडून लगेच आत हात घालतात, आणि टब फिरत असताना हात घातला तर कपड्यात गुंतून मोडतो. फ्रंट लोडचं बेअरिंग सीलच्या मागे बंद असतं, त्याला हे तेल पोचतच नाही. बेअरिंगमधल्या ज्या गोळ्यांना गंजानं खड्डे पडलेत त्या तेलानं गुळगुळीत होत नाहीत.

‘खाऱ्या पाण्यात मशीन टिकत नाही.’

मेसेजमधलं अर्धं खरं वाक्य हे. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांमधला खारपाणपट्टा आपल्याला ठाऊक आहे. तिथलं पाणी मशीनला त्रास देतं हे कबूल. फ्रंट लोडमध्ये स्टीलच्या ड्रममागे बऱ्याचदा अॅल्युमिनियमची तीन हातांची चौकट असते. खारं पाणी आणि साचलेला साबण मिळून ती हळूहळू खातात आणि शेवटी ती तडकली की मोठा खडखडाट होतो. पण यावर उपाय घरातच आहे. धुणं झालं की शेवटी एक फेरी नुसत्या गोड्या पाण्याची द्या, पावसाळ्यात पन्हाळ्याचं पाणी धरून ठेवलं तर तेही चालतं. नंतर झाकण उघडं ठेवून टब कोरडा होऊ द्या. साबण मोजून घाला. पाणी घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती क्षारानं आणि गाळानं बुजली की पाणी भरताना गुणगुण येते. ती काढून ब्रशनं घासा. संडासचं अॅसिड टबात ओतून क्षार काढायला जाऊ नका. त्यानं स्टीलही खराब होतं, आणि ब्लीच आधीच टबात असेल तर विषारी वायू निघतो.

‘पाच वर्षं झाली की विका.’

वर्षं मोजून मशीन विकायची नसते. पट्टा, कंडेन्सर, ब्रेकची तार, पिळण्याच्या टबाचं सील हे सगळं बदलून मिळतं. बऱ्याच फ्रंट लोडमध्ये 6205 आणि 6206 या नंबरची बेअरिंग असतात. त्याच नंबरची बेअरिंग शेतपंपांच्या मोटरमध्येही बसतात, म्हणून ती तालुक्याला मिळतात. काही मॉडेलचा बाहेरचा टब मात्र कारखान्यातच जोडून बंद केलेला असतो. तिथे नुसतं बेअरिंग निघत नाही, पूर्ण टब घ्यावा लागतो. तेव्हा मशीन उघडायच्या आधीच मेकॅनिकला विचारा: या मॉडेलचा टब उघडतो का, सील मिळतं का, मजुरीसकट किती होतील? आकडा नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर गेला तर नव्याचा विचार करा. बाहेरचा टब फुटला किंवा पार्ट येणंच बंद झालं, तरी तेच.

आणि आवाज असो वा नसो, ओल्या हातानं मशीनला लागल्यावर मुंग्या येत असतील, तर त्याच घडीला प्लग काढा. घरातली अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थिंगची तारच नसते. ती ओढून घेतल्याशिवाय त्या मशीनला कोणालाही हात लावू देऊ नका.