“हिरो की गुलाम, एक काय ते ठरवा” – 2 स्टारच्या रिव्ह्यूला ओनरचं उत्तर

नमस्कार दादा, उत्तराला उशीर झाला, ग्रुप चालू होता, आणि खरं सांगू का, पहिल्या दिवशी वाचून जरा डोकंच फिरलं होतं म्हणून मुद्दाम थांबलो. तुम्ही लिहिलंय की रोमच्या आमच्या मराठी वॉकिंग टूरमध्ये “त्या जाड्या गाईडने” भर उन्हात एका खड्ड्यापाशी पाऊण तास उभं केलं, ग्लॅडिएटर (जुन्या रोममध्ये लोकांच्या करमणुकीसाठी रिंगणात लढणारे) ढेरपोटे होते सांगून मुलाचा मूड घालवला, एकदा त्यांना हिरो म्हणतो एकदा गुलाम, आणि फ्लॅमा नावाच्या ग्लॅडिएटरने 4 वेळा स्वातंत्र्य नाकारलं ही गुगलवरची साधी माहितीही त्याला नाही. तर तो जाडा गाईड म्हणजे मीच, मालकही मीच, त्यामुळे त्याला झापायला वरती कोणी नाहीये.

आधी माझ्या चुका. जुलैमधला दुपारी 2 चा स्लॉट ठेवायलाच नको होता, आजींना बसायला कुठे सावली नव्हती, ते बघून तरी मी आवरतं घ्यायला हवं होतं. तो स्लॉट बंद केलाय. कलोसियमच्या, म्हणजे जिथे या लढती व्हायच्या त्या मोठ्या स्टेडियमच्या, तळघराचं तिकीट वेगळं असतं हे आमच्या पेजवर पार खाली होतं, ते आता पहिल्याच ओळीत घातलंय. सॉरी.

पण खड्ड्याबद्दल नाही हां. तो खड्डा म्हणजे लुडस मॅग्नस, ग्लॅडिएटरांची सरकारी तालीम, सम्राट डोमिशियनच्या काळातली, 1937 मध्ये सापडली. अर्धं रिंगण उघडं आहे, बाकीचं रस्त्याखाली आणि बिल्डिंगांखाली गेलंय. कठड्यावरून वाकून बघितलं तर बाजूच्या एवढ्याएवढ्याशा खोल्या दिसतात, त्यात ही माणसं राहायची आणि भुयारातून थेट कलोसियमला जायची. कलोसियम प्रेक्षकांचं, ग्लॅडिएटरचं घर हे. सगळे टूरवाले शेजारून निघून जातात, मला नाही जमत.

आता तुमचा मेन मुद्दा. हिरो की गुलाम? दादा, दोन्ही, आणि एकाच वेळी. पॉम्पेई या जुन्या रोमन शहरात ग्लॅडिएटरांच्या घरात भिंतीवर खरवडलंय की केलाडस (एक ग्लॅडिएटर) म्हणजे पोरींचा उसासा. आणि त्याच रोमन लोकांचा कायदा ग्लॅडिएटरला वेश्या आणि नटांच्या रांगेत बसवायचा, बदनाम म्हणून शिक्का, गावच्या कौन्सिलवर बसायला बंदी. सार्सिना गावात एका माणसाने गावकऱ्यांना दफनासाठी जागा दान दिली आणि दगडावर कोरून ठेवलं की गळफास घेतलेले, घाणेरडा धंदा करणारे आणि पैशासाठी स्वतःला ग्लॅडिएटर म्हणून बांधून घेतलेले इथे चालणार नाहीत. हो, सगळे गुलाम नव्हतेच, काही चांगले स्वतंत्र नागरिक आपणहून यायचे, जाळलं बांधलं तलवारीने मारलं तरी चालेल अशी शपथ घेऊन. तमाशाच्या फडावर शिट्ट्या मारायच्या आणि घरी आली तर ओसरीवरसुद्धा बसू द्यायचं नाही, हे आपल्याला काही नवीन आहे का?

आणि ग्लॅडिएटर भाड्याने द्यायचे असं टूरमध्ये जे बोललो त्याचा तुम्हाला राग आला, पण ते माझं नाही, गायस नावाच्या रोमन कायदेपंडिताचं आहे. तो उदाहरण देतो, ग्लॅडिएटर दिले, जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे 20 देनारियस (रोमन चांदीची नाणी), जो मेला किंवा जायबंदी झाला त्याचे 1000. मग हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? उत्तर असं की परत आला तर भाडं, नाही आला तर विक्री. लग्नातली भाड्याची भांडी असतात ना, फुटलं तर भरून द्या, तसंच. मी धंदेवाला माणूस, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप नव्हती लागली. म्हणूनच सांगत होतो की प्रत्येक लढतीत एक मेलाच पाहिजे असं पिक्चरमध्ये असतं, एवढा महाग माल कोण उगाच मारेल.

फ्लॅमाचं गुगल जाऊ दे, सिसिलीत त्याच्या थडग्याचा दगडच सापडलाय. वय 30, लढती 34, जिंकला 21, बरोबरीत 9, आणि 4 वेळा हरूनही जिवंत सोडला. ते “सोडला” कोणीतरी “सुटका देऊ केली” असं वाचलं आणि इंटरनेटभर झालं. दगड बसवला डेलिकाटस नावाच्या त्याच्या लढाईतल्या साथीदाराने.

ढेरपोटे हा शब्द मी वापरला नव्हता, कदाचित माझ्याकडे बघून सुचला असेल. तुर्कस्तानातल्या एफिससला 1993 मध्ये ग्लॅडिएटरांचं कब्रस्तान सापडलं, हाडं तपासली तर खाणं मुख्यतः गहू, बार्ली, कडधान्यं. रोमन लोक त्यांना बार्लीखाऊ म्हणायचेच. अंगावर चरबी असली की वरवरचा वार आत पोचत नाही असं संशोधकांचं म्हणणं, बास, एवढंच बोललो होतो.

राहता राहिला मुलाचा मूड. सगळे पाण्याच्या नळाकडे गेले तेव्हा तो कठड्यापाशीच होता, मला म्हणाला काका, खोल्या एवढ्या छोट्या तर ते पळून का नाही गेले. तुम्ही हाक मारली आणि उत्तर राहिलं. त्याला सांगा, गेले होते. इसवी सनापूर्वी 73 मध्ये इटलीतल्या कापुआच्या तालमीतून स्पार्टाकस नावाचा ग्लॅडिएटर आणि सत्तरेक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन पळाले. दोन वर्षं रोमला आवरले नाहीत. पुढे पकडलेल्या 6000 जणांचं काय केलं ते तुम्हीच ठरवा त्याला आत्ता सांगायचं का, वय लहान आहे.