नळीच्या तोंडात लेझर? मामा, थांबा

'घरच्या पिस्तुलाला लेझर लावा, नेम चुकणं विसरा' अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली सही 'एक निवृत्त सैन्य अधिकारी'. नाव नाही, हुद्दा नाही, पलटण नाही. माझ्यापर्यंत तो गिरगावच्या मामांकडून आला. मामांची उमेदीची सगळी वर्षं झवेरी बाजारात गेली. माल आणि रोकड घेऊन फिरावं लागायचं, म्हणून त्या काळी परवाना काढून घेतलेली कानपूरची पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर अजून त्यांच्याकडे आहे. फॉरवर्डखाली त्यांनी लिहिलं होतं, "यातला आठशेवाला मागवू का? तुझं वरळीच्या शूटिंग रेंजवर जाणं-येणं असतं म्हणून विचारतो." मामांनी निदान विचारलं तरी. बाकीच्यांनी खाली नुसते अंगठे टाकलेत, आणि त्यातल्या किती जणांनी मागवून टाकला असेल कोण जाणे.

फॉरवर्डचं म्हणणं असं: लेझर नळीच्या तोंडात बसवा आणि तिथेच ठेवा. ठिपका पडेल तिथेच गोळी लागते, त्यामुळे सराव लागत नाही. छातीवर लाल ठिपका दिसला की दहातले नऊ चोर पळतात. हिरवा लेझर लष्करी, म्हणून तोच घ्या. आणि लेझर म्हणजे टॉर्चच, तेव्हा पोलिसांना विचारायची गरज नाही.

आधी नळीचं बघू, कारण बाकी सगळं चुकलं तर नेम जाईल, इथे चुकलं तर हात जाईल. फॉरवर्डमध्ये ज्याचा फोटो आहे तो मुळात नेमाचा लेझर नाहीच. ते बोअरसाइटर आहे. बोटभर लांबीची नळकांडी, मागच्या बाजूला दांडा, दांड्यावर रबरी कडी. दांडा नळीच्या तोंडात खुपसायचा, म्हणजे किरण नळीच्या रेषेत बाहेर पडतो. समोरच्या भिंतीवर ठिपका कुठे पडतो ते बघून दुर्बीण किंवा माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) त्याच्याशी जुळवून घ्यायची, मग ते बाहेर काढून डबीत ठेवायचं आणि रेंजवर खऱ्या गोळ्या झाडून उरलेला फरक काढायचा. एवढंच त्याचं काम. रायफलीवर नवी दुर्बीण बसवणाऱ्यांची त्यात चार-दोन गोळ्यांची बचत होते.

ते आत असताना चाप ओढला तर? गोळी नळीतून सुटते आणि तोंडाशी बूच बसलेलं असतं. मागून वायूचा दाब, पुढून अडथळा. नळी फुगते किंवा फाटते. बोअरसाइटरसोबत येणाऱ्या कागदावर पहिली सूचना हीच असते की झाडण्यापूर्वी काढा. फॉरवर्ड सांगतो 'तिथेच ठेवा, रात्री फक्त बटण दाबा'. अधिकारी असेल तर कुठल्या सैन्यातला, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. रेंजवर आम्ही नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतो तो लांबून प्रत्येकाला दिसावा म्हणून, की हे हत्यार आत्ता चालणार नाही. इथे तीच खूण उलटी करून घरात भरलेल्या हत्यारात खोचायला सांगतायत.

याच्याच खाली 'काडतुसासारखा दिसणारा मॉडेल जास्त सुरक्षित' अशी एक ओळ आहे. पितळी काडतुसाच्या आकाराचं, आत बटण-सेल, काडतुसाच्या जागी बसवायचं. नळी फुटायची भीती इथे नाही हे खरं. पण रिव्हॉल्व्हर कशी चालते हे लिहिणाऱ्याने कधी पाहिलंय का? चाप ओढला की गोळ्यांचे कोठे असलेली चक्री फिरते. म्हणजे नेम धरताना नळीसमोर असलेला लेझरवाला कोठा ऐन वेळी बाजूला सरकतो आणि पुढचा कोठा समोर येतो. ज्या ठिपक्याच्या भरवशावर चाप ओढला, तो गोळी सुटायच्या आधीच गायब. शिवाय एका गोळीची जागा कायमची गेली. हे वाचून मी आधी हसलो, मग तो फॉरवर्ड किती जणांनी पुढे पाठवलाय ते पाहिलं.

आता 'ठिपका तिथे गोळी'. हत्यारावर बसवायचा खरा लेझर नळीच्या खाली किंवा बाजूला असतो, त्यामुळे किरणाची रेषा आणि गोळीची रेषा वेगळी. समजा लेझर नळीखाली २.५ सेंटीमीटरवर आहे आणि ७ मीटरवर दोन्ही जुळवलेत. मग १४ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २.५ सेंटीमीटर खाली लागेल, २१ मीटरवर ५ सेंटीमीटर. घरातल्या अंतराला हा फरक किरकोळ, मान्य. खरी गोची बोटात आहे. मामांच्या रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड. तो ओढताना ठिपका भिंतीवर डासासारखा भिरभिरतो. तो मधोमध आला की नवखा माणूस घाईने हिसका देतो आणि गोळी भलतीकडे जाते. हात तेवढाच हलतो, लेझर असो वा नसो. लेझरमुळे ते दिसतं एवढंच. आमच्या ऑलिंपिक प्रकारच्या पिस्तुल स्पर्धांत लेझरला परवानगीच नाही, पुढे साधी माशी आणि मागे नेमाची खाच. तिथे दहाव्या रिंगणात गोळ्या पडतात त्या चाप सरळ दाबण्यामुळे.

आणि 'सराव नको' म्हणणाऱ्यासाठी एकच संदर्भ पुरेसा आहे. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी वेळ लावून दाखवलं की धारदार हत्यार घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो, आणि तेवढ्यातच सराव असलेला माणूस होल्स्टरमधून हत्यार काढून झाडू शकतो. सराव असलेला, आणि हत्यार कमरेला. आता गिरगावातलं घर डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या दारापासून मामांच्या पलंगापर्यंत २१ फूट भरत नाहीत. हत्यार कपाटात कुलपात, आणि तसंच असायला हवं. त्या दीड सेकंदात कुलूप उघडायचं, हत्यार काढायचं, लेझरचं बारीक बटण अंधारात चाचपायचं, मग ठिपका शोधायचा. दिवा असेल तर लाल ठिपका फिक्कट दिसतो. आरसा किंवा स्टीलचं कपाट मध्ये आलं तर भलतीकडेच परावर्तित होतो. आणि ठिपका थांबतो दारावर. गोळी थांबत नाही. प्लायवूडचं दार, चाळीतली लाकडी पार्टिशन, त्यापलीकडे शेजारी.

ठिपका बघून चोर पळतो, हे सिनेमातलं. सिनेमात धूर सोडलेला असतो म्हणून लाल रेघ दिसते. साध्या हवेत किरण दिसत नाही, दिसतो तो ठिपका, तोही त्याच्या छातीवर, जिकडे तो बघत नसतो. दीड सेकंदात कोण खाली मान घालून आपला शर्ट तपासतो? आणि घाबरवायलाच हत्यार रोखलं, समोरचा माणूस चोर नसून चुकीच्या मजल्यावर आलेला डिलिव्हरीवाला निघाला, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये, गुन्हेगारी धमकीत जाऊ शकतं. स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, सूर्यास्तानंतरच्या घरफोडीचाही त्यात उल्लेख आहे, कलम ४१. पण तो हक्क कलम ३७ च्या चौकटीत: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. ठिपका कुठे होता याने कोर्टाचं समाधान होत नाही.

हिरव्याबद्दल फॉरवर्डचं अर्धं बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करतो. दिवसा माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात संवेदनशील असतो. हिरवा लेझर ५२० किंवा ५३२ वर, लाल ६३५ ते ६५०. म्हणून तेवढ्याच ताकदीचा हिरवा उजळ दिसतो. 'लष्करी' वगैरे काही नाही. रात्री घरात दोन्ही पुरतात.

परवान्याचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे हत्यारात बदल किंवा दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. मुंबईत परवाना देणारे पोलीस आयुक्त. विचारायचं ते त्यांच्या परवाना शाखेत, लेखी, खरेदीच्या आधी. जुन्या कानपुरी रिव्हॉल्व्हरवर लेझर अडकवायला रेल, म्हणजे खाचांची पट्टी, नसते. मग कोणीतरी 'दोन भोकं पाडून देतो' म्हणतो. तो परवानाधारक गनस्मिथ (हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर) नसेल तर तिथून मागे फिरा.

लेझर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. साठीनंतर हाताच्या अंतरावरची माशी धूसर होते, चष्मा बदलला तरी समोरचं आणि माशी दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. अशा माणसाला लांब भिंतीवरचा ठिपका सोपा पडतो. रिकाम्या हत्याराने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चाप दाबायचा सराव करताना ठिपका किती हलतो ते बघणं हा तर उत्तम शिक्षक आहे. त्यासाठी घ्यायचाच, तर बाहेरून बसणारा घ्या. मुठीवर बसणारा सगळ्यात बरा, कारण हात आवळला की तो आपोआप लागतो, बटण शोधावं लागत नाही. ताकद ५ मिलिवॉटच्या आत. बसवल्यावर रेंजवर खऱ्या गोळ्या झाडून ठिपका जुळवा, आणि धक्क्याने तो हलला नाही ना ते पन्नासेक गोळ्यांनंतर पुन्हा बघा. सेल वर्षातून एकदा ठरवून बदला, चालू असला तरी. आणि मामा, तो आठशेवाला नको.