म्हणे पंकने प्रोगला मारलं!

काल कॉलेजच्या ग्रुपवर एकाने तेच जुनं वाक्य पुन्हा टाकलं. '१९७७ मध्ये पंक आलं आणि प्रोग्रेसिव्ह रॉक मेलं.' (प्रोग म्हणजे हेच प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, गुंतागुंतीच्या गाण्यांचं; पंक म्हणजे छोटी, कच्ची, चिडलेली गाणी.) हॉस्टेलवर असल्यापासून हे ऐकतोय. आता राहवत नाही म्हणून इथे लिहितो.

त्या वर्षीचा ब्रिटनमधला उन्हाळाच बघा. जूनमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं, राणीवर तोंडसुख घेणारं 'गॉड सेव्ह द क्वीन', बीबीसीने बंदी घालूनही, सिंगल्सच्या यादीत दुसरं. त्यानंतर थोड्याच दिवसांत इमर्सन, लेक अँड पामर या प्रोग त्रिकुटाचं 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' त्याच यादीत, तेही दुसरंच! ऑगस्टमध्ये 'येस' या प्रोग बँडचा 'गोइंग फॉर द वन' अल्बमच्या यादीत चक्क पहिला. ज्याचं तेरावं घालायचं, तोच पंगतीत बसून जेवत होता की!

टिंगलीला दारूगोळा मात्र प्रोगवाल्यांनी स्वतःच पुरवला, हे कबूल. 'येस'मध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक वेकमनने १९७५ मध्ये, स्वतःच्या कार्यक्रमात, वेम्ब्लीला राजा आर्थरची कथा बर्फावर सादर केली, सरदार स्केटिंग करतायत वगैरे. त्याआधी 'येस'चा १९७३ चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. दोन तबकड्या, चार बाजू, गाणीही चारच. कल्पना कुठून सुचली? परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून! त्याच अल्बमच्या दौऱ्यात मँचेस्टरला कंटाळलेल्या वेकमनने कीबोर्डमागे बसून विंदालू आणि पापड हाणले. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो. १९७४ मध्ये त्याने बँडही सोडला (१९७६ ला परत आला, ती गोष्ट वेगळी).

आणि पंकवाले? पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन 'आय हेट' असं वर खरडलेला, प्रोग बँड पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट घालून फिरायचा. त्याच १९७७ मध्ये रेडिओवर आवडीची गाणी लावायला बसला, तर त्यात प्रोगवाल्या पीटर हॅमिलची गाणी! व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने पहिला अल्बम काढला तो प्रोगवाल्या माइक ऑल्डफिल्डचा 'ट्यूब्युलर बेल्स', १९७३ मध्ये. चार वर्षांनी सेक्स पिस्टल्सचा अल्बमही तिनेच काढला. गल्ला एकच. २०१५ मध्ये तर व्हर्जिन मनी या बँकेने पिस्टल्सच्या रेकॉर्डची कव्हरं छापलेली क्रेडिट कार्डं काढली. व्यवस्थेविरुद्धचं बंड, दरमहा हप्त्याने!

खुद्द पिस्टल्स जानेवारी १९७८ मध्ये फुटले. प्रोगवाल्यांनी मात्र केस कापले, गाणी कापली आणि धंदा वाढवला. जेनेसिस हा प्रोग बँड छोट्या प्रेमगीतांकडे वळला. 'येस'चं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' १९८४ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. माझ्या मते प्रोगचं खरं नुकसान तिथे झालं. बाहेरच्या शत्रूने नाही, घरच्यांनीच लांबी सोडली.

आमच्या पुण्यातल्या हॉस्टेलवर प्रत्येक मजल्यावर फ्लॉइड होतं, पंक ऐकणारा शोधूनही सापडायचा नाही. मला तर वाटतं, ज्या घरात तासभराचा बडा ख्याल मांडी घालून ऐकतात, तिथल्या पोराला वीस मिनिटांच्या गाण्याची भीती ती कसली? आणि लंडनच्या बेकार पोरांचा राणीवरचा राग आम्हाला कुठून कळायला! मी द क्लॅश हा पंक बँड ऐकला तो नोकरी लागल्यावर, आणि आवडलाही.

तरी सांगून टाकतो, 'टोपोग्राफिक ओशन्स'ची तिसरी बाजू मी आजवर एका बैठकीत पुरी केलेली नाही.