पादेलोण कबूल, बाकी नाही

कोलकात्यातल्या लिंबू-चहावर, तिथल्या 'लेबू चा'वर, गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, तीन टपऱ्यांवरचा चाखून गुण दिले होते. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं असं: "लिंबू, मसाला नि मीठ पडल्यावर चहा उरतोच कुठे, की त्याची परीक्षा करावी? टेस्टर सहा मिनिटं मोजून कोरा चहा चाखतात, हे तुमच्या गावीही नसावं. शेंदेलोण नव्हे, पादेलोण. भाव नाही, पत्ता नाही. चहा कळत नसेल तर माणसाने सरबत प्यावं नि गप्प बसावं."

पादेलोणाचं मान्य. त्या मसाल्यात बंगाली लोक 'बीट नून' घालतात, ते आपलं काळं मीठ, म्हणजे पादेलोणच. मी शेंदेलोण लिहिलं ती चूक होती, दुरुस्त केली आहे. भाव आणि पत्ता मी मुद्दाम देत नाही, तो विषय इथेच संपला.

आता 'गप्प बसावं'. मी नऊ वर्षं लिहितोय. 'पटलं नाही' असं शेकडो जणांनी सांगितलं, त्यांच्याशी माझं कधी वाजलं नाही. पण 'तुम्हाला कळत नाही' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मिरजेला आमचं किराण्याचं दुकान होतं. सुटा चहा पोत्यातून यायचा. डस्ट म्हणजे भुकटी वेगळी, ममरी म्हणजे दाणेदार चहा वेगळा. वडील चिमूट तळहातावर घ्यायचे, तोंडाची वाफ द्यायचे, वास घ्यायचे आणि दोन दाणे दाढेखाली धरायचे. मग मला द्यायचे. गिऱ्हाइकाला कुठलं मिश्रण बांधून द्यायचं हे मी दहावीत असताना ठरवत होतो. पुढे बदलीने सात वर्षं कोलकात्यात काढली, डलहौसीच्या फुटपाथवर रोज दोनदा हा चहा प्यायलो. सरबत कशाला म्हणतात ते मला माहीत आहे.

सहा मिनिटांचंही माहीत आहे. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा, झाकण, सहा मिनिटं. हे आयएसओ ३१०३, म्हणजे चाखायचा चहा कसा करायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण ते मानक तुम्ही नीट वाचलेलं दिसत नाही, कारण त्यात दूध घालून चाखायचीही सोय दिलेली आहे. दूध पडल्यावर चहा उरतो आणि लिंबू पडल्यावर उरत नाही, हा न्याय कुठला? अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गातल्या फळाचं तेल असतं. अमेरिकेत बिगेलो कंपनी १९४५ पासून संत्र्याची साल आणि मसाला घातलेला चहा विकते आहे. या चहांची पारख करणारे सगळे सरबतवालेच म्हणायचे का?

उलट मी म्हणेन की दुधात वाईट चहा लपतो, लिंबात लपत नाही. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून तासभर उकळलेलं पाणीही दूध-साखरेत खपून जातं. लिंबू असं काही करत नाही. आंबटाने रंग तेवढा उतरतो, तपकिरी चहा डोळ्यांदेखत मधाच्या रंगाचा होतो, पण तुरटपणा होता तिथेच राहतो आणि आंबटाशी मिळून घसा खरवडतो. सकाळी उतरवलेलं चहाचं पाणी दुपारी पुन्हा तापवून दिलं असेल, तर पहिल्याच घोटाला कळतं.

म्हणून तिन्ही टपऱ्यांवर मी आधी नुसता कोरा चहा मागून दोन घोट घेतले, मग मसाल्याचा. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचलं असतंत तर प्रश्न पडला नसता. पहिल्या टपरीवर ग्लासाच्या तळाशी चिमूटभर मसाला, त्यावर अर्धं लिंबू, मग वरून चहाची धार. ओठ लागायच्या आधीच पादेलोणाचा तो गंधकाचा वास नाकात. पाठोपाठ आंबट, मग भाजलेलं जिरं. आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला चहा, स्पष्ट, एकटा. तो शेवटी येतो, पण येतो. मी ज्याला गुण दिले ते हेच. दुसऱ्या टपरीवर त्याने फोड सालीसकट पिरगाळली, सालीचा कडवटपणा उतरला आणि चहा शेवटपर्यंत सापडला नाही. तिथे मी 'चहा हरवला' असंच लिहिलंय. म्हणजे तुमचा आक्षेप त्या एका ग्लासाला लागू आहे, आणि तो मी तुमच्या आधी घेतला आहे. तिसऱ्याने ढवळलंच नाही, शेवटचा घोट नुसता खारट, तेही लिहिलंय.

तुम्ही व्यवसायाने टेस्टर असाल तर तुमच्या जिभेबद्दल मला आदर आहे. पण पानाची पारख लिलावासाठी करणं वेगळं आणि दुपारी तीन वाजता उन्हात उभं राहून प्यायच्या चहाची पारख करणं वेगळं. दुसरं काम तुम्ही केलेलं नाही, हे तुमच्या पाच ओळींवरून दिसतं. कडक वाटलं तर वाटू द्या, सुरुवात मी केलेली नाही.

प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. कोलकात्याला गेलात तर आधी कोरा चहा मागा, दोन घोट घ्या, मग त्याच टपरीवर लिंबू-मसाल्याचा घ्या आणि गिळल्यावर लगेच पाणी पिऊ नका. चहा शेवटी आला की नाही, एवढंच इथे येऊन लिहा.