झेंडा दिसतो, माणसे दिसत नाहीत

बर्लिनमध्ये राहायला आल्यापासून दरवर्षी मे महिन्यात मी ट्रेप्टो उद्यानातल्या सोव्हिएत युद्धस्मारकावर जातो. बर्लिन जिंकताना पडलेले सात हजारांहून अधिक सैनिक इथे पुरलेले आहेत आणि वाटेवर तांबड्या ग्रॅनाइटचे दोन प्रचंड ध्वज झुकवलेल्या रूपात उभारले आहेत. रशियाने युक्रेनवर चढाई केली त्या २०२२ सालच्या मे महिन्यात बर्लिन पोलिसांनी शहरातल्या अशा स्मारकांवर रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांचे झेंडे आणायला मनाई केली. माझ्यापुढे एक वृद्ध बाई लाल फुले घेऊन उभ्या होत्या आणि फुलांच्या देठांना युक्रेनच्या झेंड्याच्या रंगांची निळी-पिवळी फीत बांधलेली होती. पोलिसाने अदबीने सांगितल्यावर त्यांनी गाठ सोडली, फितीची नीट घडी करून ती कोटाच्या खिशात ठेवली आणि फुले घेऊन त्या आत गेल्या. चढाई करणारा आणि चढाई सोसणारा यांना एकाच मापाने मोजणारा तो निर्णय मला तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. पुढच्या वर्षी प्रकरण न्यायालयात गेले आणि युक्रेनच्या झेंड्यावरची बंदी उठली.

तरीही बंदीमागची भीती खोटी नव्हती. स्मृतिदिनाच्या छायाचित्रात ज्याचा झेंडा दिसतो, त्याचाच त्या मृतांवर हक्क असल्यासारखे जगाला वाटते. बर्लिनमधल्या राइशस्टाग या संसद इमारतीवर सोव्हिएत लाल झेंडा फडकावणाऱ्या सैनिकांचे मे १९४५ मधले छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. ते टिपणारा येव्हगेनी खाल्देई युक्रेनमधल्या आजच्या दोनेत्स्कमध्ये जन्मलेला. त्याने झेंडा मॉस्कोहून, टेबलावरच्या लाल कापडातून शिवून आणला होता आणि प्रसंग मुद्दाम उभा केला होता. चौकटीतल्या सैनिकांपैकी एक कीव्हचा, एक दागेस्तानचा, एक बेलारूसमधल्या मिन्स्कचा. पण झेंडा फडकावण्याचे श्रेय अधिकृतपणे एका रशियन आणि एका जॉर्जियन सैनिकाला मिळाले, आणि छायाचित्रातली माणसे कितीतरी वर्षे निनावी राहिली. झेंडा मात्र अजरामर झाला.

हे सारे मला सोलापूरमुळे अधिक बोचते. आमच्या गावाने ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा तिरंगा लावला, मे महिन्यात मार्शल लॉ भोगला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्याला फासावर गेले. यंदाच्या १२ जानेवारीला गावाकडच्या ग्रुपवर चार हुतात्मा पुतळ्यांपाशी काढलेला एक फोटो आला. समोर आडवा धरलेला भला मोठा तिरंगा, त्यामागे वीसेक हसरे चेहरे, आणि झेंड्याच्या वरच्या कडेतून जेमतेम डोकावणारे पुतळ्यांचे फेटे. चौघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नव्हता आणि खाली एकाचेही नाव नव्हते.

२०२२ च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत झेंड्यासोबतचा सेल्फी संकेतस्थळावर चढवण्याची सोय होती. घराघरावर तिरंगा लागला याचा मला इथे बसूनही आनंद झाला. सामान्य माणसाला तो वर्षभर लावता यावा म्हणून २००२ ची ध्वजसंहिता आली, हे मी विसरलेलो नाही. माझा आक्षेप त्यानंतर सुरू झालेल्या विचारणेला आहे. ‘तुमचा फोटो अजून आला नाही’ हा निरोप माझ्या वडिलांनाही आला होता. ते शाळेत चाळीस वर्षे झेंडावंदनाची दोरी स्वतः तपासत, संध्याकाळी झेंडा उतरवून घडी करून कपाटात ठेवत, आणि त्याचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. फोटो नाही म्हणून निष्ठेवर शंका, हे मला ट्रेप्टोच्या फाटकावरच्या बंदीइतकेच चुकीचे वाटते. एका ठिकाणी झेंडा दिसू नये म्हणून पहारा, दुसऱ्या ठिकाणी तो दिसलाच पाहिजे म्हणून.

ग्रुपवर मी एवढेच लिहिले, की पुढच्या वेळी झेंडा पुतळ्यांच्या बाजूला धरा आणि खाली चौघांची नावे पूर्ण लिहा. दोघातिघांना ते परदेशात बसून शिकवणे वाटले. वडिलांनी काही न बोलता त्याच फोटोखाली चारही नावे टंकून पाठवली, कुर्बान हुसेनांचे पहिले.